मुक्कामाच्या नवलाच्या जागा

प्रवासास निघालेल्या माणसाला दिवसा हजार गोष्टी सुचतात; परंतु दिवस मावळला कीं, त्याचे सारे विचार एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबतात. आज रात्रीं पाठ टेकावयाची कोठें? या एका प्रश्नाच्या पोटीं धर्मशाळा जन्मास आल्या, सराया उभ्या राहिल्या, खाणावळी निघाल्या आणि अखेर शहरोशहरीं तीं उंच उंच हॉटेलें उभीं राहिलीं कीं, ज्यांच्या खोलींत डोळे उघडले असतां आपण मुंबईंत आहों कीं माद्रिदमध्यें आहों, हें भिंतींकडे पाहून सांगतां येऊं नये. तीच पांढरी चादर, तोच उशाजवळचा दिवा, सकाळीं तोच भाजलेला पाव. निवारा मिळतो, स्थळ मात्र हरवतें.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहें तें याच्या उलट प्रकारच्या जागांविषयीं. जगांत अशीं कांहीं निवासस्थानें आहेत कीं, प्रवासी तेथें वाटेंत रात्र झाली म्हणून उतरत नाहींत. तो मुक्काम हाच त्यांच्या प्रवासाचा हेतु असतो. वृत्तपत्रांतून या जागांचीं चित्रें छापून येतात आणि वाचणारा "काय एकेकाचें वेड!" असें म्हणून पान उलटतो. मला मात्र वाटतें कीं, यांतलें वेड कोणतें आणि शहाणपण कोणतें हें निवडून पाहण्यासारखें आहे. तें निवडतांना आपल्याला स्वीडनपासून जपानपर्यंत हिंडावें लागेल. परंतु आपला शेवटचा मुक्काम पुणें जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांत, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पडणार आहे. ज्या गोष्टीसाठीं लोक सातासमुद्रांपलीकडे जातात, तिचे तीन अगदीं निरनिराळे नमुने या दोन तालुक्यांत आहेत. आणि ते पाहतांना एक जुना प्रश्नहि आपल्यापुढें उभा राहणार आहे. पाहुण्याकडून पैसे घ्यावे काय?

प्रथम उत्तरेकडे जाऊं. स्वीडनच्या उत्तर भागांत, ध्रुववृत्ताच्याहि पलीकडे सुमारें २०० किलोमीटरांवर, युक्कास्यार्वी नांवाचें एक खेडें आहे. तेथें १९८९-९० च्या हिवाळ्यापासून बर्फाचें निवासगृह बांधण्याची प्रथा पडली. जवळून वाहणाऱ्या टोर्न नदीचें पाणी गोठलें म्हणजे तिच्यांतून बर्फाच्या प्रचंड लाद्या कापून काढतात, त्या साठवून ठेवतात आणि पुढील हिवाळ्याच्या आरंभीं त्यांच्याच भिंती, खांब आणि पलंग घडवितात. खोलींतील उष्णमान शून्याच्याहि खालीं पांच ते आठ अंश असतें. पाहुणा रेनडियरच्या कातड्यावर जाड पिशवींत शिरून झोंपतो. वसंत आला कीं, हा सारा हिवाळी महाल विरघळतो आणि ज्या नदींतून आला तिच्यांतच परत जातो. पुढल्या वर्षीं तो नवा बांधतात, आणि तो मागच्यासारखा नसतो.

तेथून अमेरिकेस चला. फ्लॉरिडा प्रांताच्या दक्षिणेस की लार्गो बेटावर १९८६ सालीं समुद्राच्या पाण्याखालीं एक लहानसें निवासगृह उघडण्यांत आलें. हें घर मूळचें शास्त्रज्ञांचें; समुद्राच्या तळाशीं राहून संशोधन करण्यासाठीं तें बांधलेलें होतें. संशोधन संपल्यावर तेथें पाहुणे उतरूं लागले. या घराला दार आहे तें जमिनींत. पाहुण्यानें पाणबुड्याचीं साधनें अंगावर चढवून सुमारें २१ फूट खालीं बुडी मारावयाची आणि घराच्या तळाशीं असलेल्या उघड्या कुंडांतून वर यावयाचें. उपडा पेला पाण्यांत दाबला असतां आंतली हवा जशी पाण्याला वर चढूं देत नाहीं, तसेंच येथें होतें. आंतल्या हवेच्या दाबामुळें समुद्र उंबरठ्याशींच थांबतो. खिडकीबाहेर मासे येतात आणि आंत बसलेल्या माणसांकडे पाहतात. मत्स्यालय कोणतें आणि प्रेक्षक कोण, असा प्रश्न तेथें खरोखरीच पडावा.

तिसरें स्थळ जपानांतील ओसाका. १९७९ सालीं किशो कुरोकावा या स्थापत्यविशारदानें तेथें खोल्यांच्या ऐवजीं पेट्यांचें निवासगृह उभारलें. एका माणसाला निजतां येईल एवढीच लांबी, उठून बसतां येईल एवढीच उंची. पेटीवर पेटी, मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें. ऐकणाऱ्याला ही विटंबना वाटेल. परंतु शेवटची आगगाडी चुकली, घर दूर राहिलें, आणि सकाळीं पुन्हा कचेरी गांठावयाची आहे, अशा चाकरमान्याला ती पेटी म्हणजे मोठा आधार होता.

आतां या तिन्हीं जागा एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कोणीतरी नवल करावयाचें म्हणून त्या केलेल्या नाहींत. ज्या गांवाला हिवाळ्यांत बर्फावांचून दुसरी संपत्ति नाहीं, त्यानें बर्फाचेंच घर केलें. शास्त्रज्ञांनीं मोकळें केलेलें घर ज्यांच्या हातीं आलें, त्यांनीं तें मोडींत न काढतां पाहुण्यांना दिलें. जेथें जमीन सोन्याच्या मोलाची, तेथें माणसाला पुरेल तेवढीच जागा दिली. अडचणींतून निघालेलें नवल टिकतें. हौसेखातर रचलेलें नवल चार दिवसांत शिळें होतें. किंबहुना साधेपणाहि पुरेसा जुना झाला म्हणजे नवलाचा होतो. जपानांतच यामानाशी प्रांतांत ऊन पाण्याच्या झऱ्याकांठीं केइउन्कान नांवाची एक पांथशाळा आहे. ती इ. स. ७०५ मध्यें स्थापन झाली असें सांगतात, आणि जगांतील सर्वांत जुनें निवासगृह म्हणून तिची नोंद झालेली आहे. तेथें पाण्याखालचें घर नाहीं, कीं बर्फाचा पलंग नाहीं. ऊन पाणी, स्वच्छ चटई आणि आदरानें लवणारा यजमान, एवढेंच आहे. परंतु तेराशें वर्षें हेंच चालत आलें, हें नवल कांहीं लहान नव्हे.

आपल्याकडेहि निवासगृहाला थोरवी आली ती सजावटीनें नव्हे. मुंबईचें सरदारगृह आज लोकांना ठाऊक आहे तें तेथील खोल्यांमुळें नाहीं. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्यांनीं तेथें देह ठेवला म्हणून. आणि बारामतीपुरतें बोलावयाचें तर, कऱ्हेच्या कांठचें हें गांव मराठी वाङ्‌मयांत अमर झालें तें एका आश्रितामुळें. पन्हाळ्यास जन्मलेले कवि मोरोपंत येथें बाबूजी नाईकांच्या पदरीं पुराणिक म्हणून राहिले, आणि १७९४ मध्यें त्यांचा अंत झाला तोहि बारामतीसच. विद्वानाला आसरा देणें हा त्या काळीं यजमानाचा अलंकार होता. त्याचें बिल कोणी करीत नसे. परंतु बिल नसे म्हणजे मोबदला नसे असें मात्र नव्हे. नाईकांना त्याच्या मोबदल्यांत काय मिळालें, हें आपण आज त्यांचें नांव घेतों यावरूनच दिसून येतें.

या प्रस्तावनेनंतर आपण या दोन तालुक्यांतील पहिल्या नवलाकडे वळूं. तें पाहावयाचें तर आषाढी एकादशीपूर्वीं तेथें गेलें पाहिजे. इ. स. १६८५ मध्यें तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनीं सुरू केलेला पालखीचा सोहळा देहूहून निघून पुण्यावरून येतो, तो उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम करीत या दोन तालुक्यांतून जातो. काटेवाडीस परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि तेथेंच मेंढ्यांचें रिंगण होतें. बेलवाडीस आणि इंदापुरास अश्वांचें गोल रिंगण होतें. सराटी सोडल्यावर नीरेच्या पात्रांत पादुकांना स्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यांत पाऊल टाकते.

आतां याकडे मुक्कामाच्या दृष्टीनें पाहा. दुपारपर्यंत जें निव्वळ माळरान होतें, तेथें सायंकाळीं एक नगर वसलेलें असतें. राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, दिंडीदिंडीच्या ठरलेल्या जागा ठरलेल्या माणसांना अंधारांतहि सांपडतात. रात्रीं कीर्तन, उत्तररात्रीं जागर. आणि पहाटे तुतारी झाली कीं तें नगर गाठोड्यांत बांधून पुढील गांवीं निघतें. मागें उरते ती तुडवलेली माती आणि विझलेल्या चुलींचे तीन तीन दगड. स्वीडनमधील बर्फाचा महाल वर्षांतून एकदां वितळतो. आमचें हें नगर रोज पहाटे वितळतें आणि रोज सायंकाळीं पुन्हा उभें राहतें. ज्याला तंबूंत जागा मिळाली नाहीं तो कोणाच्याहि ओसरीवर पडतो. "तूं कोण, कोठला" असें त्याला विचारीत नाहींत. "माउली, जेवलांत का?" एवढेंच विचारतात.

येथें पैशाचा संबंध नाहीं असें आपण समजतों. परंतु बारकाईनें पाहिलें तर तसें नाहीं. दिंडींतील वारकरी आपल्या वाट्याची भिशी आधींच भरतो; तिच्यांतून धान्य, सरपण, मालमोटारीचें भाडें यांची तरतूद होते. हिशेब चोख असतो. मात्र भिशी भरली म्हणून कोणी गिऱ्हाईक होत नाहीं, आणि ती गोळा केली म्हणून कोणी दुकानदार होत नाहीं. पैसा त्या व्यवहारांत आहे. परंतु तो व्यवहाराचा धनी नाहीं, चाकर आहे. ही गोष्ट आपण मनाशीं धरून ठेवूं. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

दुसरें नवल अलीकडचें आहे. बारामती तालुक्यांतील पळशीवाडी येथें पांडुरंग तावरे यांनीं २००५ सालीं कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू केला. शेत हेंच निवासगृह, शेतकरी हाच यजमान, आणि शेतांतलें रोजचें काम हीच करमणूक, अशी ही कल्पना. १६ मे हा दिवस जागतिक कृषिपर्यटन दिन म्हणून पाळतात, त्याचें मूळहि याच प्रयोगांत आहे. पुढें महाराष्ट्रांत अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं हा मार्ग धरला, आणि २०२० सालीं राज्य सरकारनें कृषिपर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें.

ज्याचा जन्म खेड्यांत गेला त्याला यांत नवल काय, असें वाटेल. बैलगाडींत बसणें, विहिरीच्या पाण्याखालीं डोकें धरणें, उसाच्या फडांतून हिंडणें, गुऱ्हाळाच्या कढईपाशीं उभें राहून ऊन ऊन काकवी चाखणें, चुलीवरची ज्वारीची भाकरी ठेच्याबरोबर खाणें, हीं कांहीं पैसे मोजून करावयाचीं कामें नव्हेत. पौष-माघांत ज्वारीचीं कणसें हिरवीं असतांना आगटीच्या निखाऱ्यांत भाजून, हातावर चोळून, लसणाच्या चटणीबरोबर खाल्लेला हुरडा पूर्वीं सोयऱ्याधायऱ्यांना बोलावून फुकट खिलवीत असत. परंतु श्रोतेहो, शहरांत आतां तिसरी पिढी नांदत आहे. तिला गांवीं मामा उरला नाहीं, आजोळ उरलें नाहीं. सातव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला दूध पिशवींत येतें एवढें ठाऊक असतें. गाय पान्हा सोडण्यापूर्वीं वासराची वाट पाहते, हें त्याला कोण दाखविणार? ज्याला मामाचा गांव नाहीं, त्याला तो कांहीं दिवस उसना मिळवून देण्याची ही सोय आहे.

ही कल्पना या तालुक्यांत रुजली यालाहि कारण आहे. बारामती तालुका एकाच नांवाखालीं दोन देश आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचतें तेथें ऊस आहे, द्राक्षें आहेत, साखरेचे कारखाने आहेत. जेथें तें पोंचत नाहीं तेथें पावसाकडे डोळे लावून बसणारी जिराईत शेती आहे. इंदापूर तालुक्याचीहि स्थिति थोड्याफार फरकानें अशीच. जिराईत शेतकऱ्याला पीक हातीं येईपर्यंत आपलें उत्पन्न किती, हें सांगतां येत नाहीं. आणि पीक आल्यावर भाव किती, हें बाजार सांगतो. अशा घराला आठवड्याला चार पाहुण्यांचे रोख पैसे मिळाले तर त्यांतून मुलीच्या शिक्षणाची फी निघते, विहिरीचें कर्ज थोडें हलकें होतें. इटलीनें हें पूर्वींच ओळखलें. त्या देशानें १९८५ सालीं शेतावरील पाहुणचारासाठीं कायदा केला, आणि त्यांत एक मार्मिक अट घातली कीं, शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार हा जोडधंदा. ही अट आपणहि विसरूं नये. शेत ओसाड टाकून त्यावर बंगल्या बांधल्या आणि दाराशीं एक बैलगाडी रंगवून ठेवली, तर तें कृषिपर्यटन नव्हे. तो शेतीचा देखावा झाला.

आतां त्या जुन्या प्रश्नाकडे येऊं. घरीं आलेल्याकडून भाकरीचे पैसे घेणें हें आमच्या वाडवडिलांना रुचलें असतें काय? कित्येक वृद्ध गृहस्थ या कल्पनेनें कष्टी होतात. "अतिथि देवासमान, त्याला दर सांगावयाचा कसा?" असें ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतों. परंतु त्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. तो जुना पाहुणचार फुकट होता तो कोणाला? पाहुण्याला फुकट होता, यजमान पुरुषाला कीर्ति देणारा होता. आणि त्याची किंमत भरीत होती ती घरांतील बाई. अवेळीं आलेल्या चार पानांसाठीं पुन्हा चूल पेटवावयाची, पीठ कमी पडलें तर जात्यावर बसावयाचें, सर्वांमागून उरलेलें खावयाचें, आणि ओसरीवर "यांच्या घरचा पाहुणचार मोठा!" अशी स्तुति चाललेली आंतून ऐकावयाची. हा देवधर्म खरा. परंतु त्याचा सारा भार एकाच्याच खांद्यावर होता आणि पुण्य दुसऱ्याच्या नांवावर जमा होत होतें.

म्हणून पैसे घेण्यांत मला पाप दिसत नाहीं. पाप होईल तें वेगळ्या ठिकाणीं होईल. भाकरी जिनें थापली तिच्या हातीं त्या पैशांतला वाटा पडला नाहीं, तर जुना अन्याय जशाचा तसा राहिला आणि त्याला वर दुकानाची पाटी मात्र लागली, असें होईल. ज्या घरांत पाहुण्यांचा हिशेब घरधनिणीच्या नांवें ठेवला जातो, तेथें ती पाहुण्याशीं बोलते तीहि निराळ्या मोकळेपणानें. "आज भाकरी दोनच दिवस शिळी चालेल अशी केली आहे, बांधून देऊं का?" असें ती विचारते तेव्हां तें नुसतें गिऱ्हाईकाशीं बोलणें राहात नाहीं. दिंडींतील भिशीप्रमाणें पैसा येथें चाकर राहिला, तर घर घरच राहतें.

तिसऱ्या नवलासाठीं आतां इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस, भीमेच्या कांठीं चला. ज्या इंदापूरच्या लढाईंत शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे पडले असें इतिहास सांगतो, त्याच तालुक्यांत भिगवण, कुंभारगांव, डिकसळ हीं गांवें आहेत. खालीं माढें तालुक्यांत उजनी येथें भीमेवर बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी त्यांत मावतें. एवढें पाणी सांठवावयाचें म्हणजे तेवढी जमीन बुडावयाची. आणि बुडाली ती भीमाकांठची काळीभोर जमीन, तिच्यावरचीं घरें, झाडें, गांवें आणि देवळें. पळसदेवचें पळसनाथाचें जुनें देऊळहि त्या पाण्यांत गेलें. ज्या वर्षीं दुष्काळानें धरणाचा तळ उघडा पडतो, त्या वर्षीं तें पुन्हा वर येतें. नदीचा फुगवटा ओसरला कीं शिखर दिसूं लागतें आणि लोक पायीं चालत दर्शनास जातात. दुष्काळ पडला म्हणजे देव भेटतो, अशी ही दैवाची थट्टा आहे.

परंतु त्याच पाण्यानें एक अनपेक्षित पाहुणाहि आणला. फुगवट्याचें पाणी कांठाशीं उथळ. हिवाळ्यांत तें हळूहळू ओसरूं लागलें कीं चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते, आणि तिच्यांत सूक्ष्म जीवांची समृद्धि असते. तेथें रोहित पक्षी उतरतात. उंच गुलाबी पायांवर उभे राहून, चोंच उलटी पाण्यांत घालून, चिखल गाळीत गाळीत ते चरत असतात. आणि एकाएकीं उडाले म्हणजे पंखांखालचा ज्वालेसारखा तांबडा रंग आकाशभर पसरतो. ज्यांनीं त्यांना अग्निपंख म्हटलें, त्यांनीं नुसतें पाहिलें आणि सांगितलें. मध्य आशियांतून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, चित्रबलाक, चमचे, कुरव, मासे टिपणारा कैकर, असा मोठा मेळा तेथें भरतो.

हे पक्षी पाहावयाचे तर सूर्योदयापूर्वीं कांठावर असलें पाहिजे. आणि त्यासाठीं रात्रीं जवळच राहिलें पाहिजे. या एका गरजेंतून कुंभारगांवांत आणि आसपास घरगुती मुक्कामाची सोय निघाली. मासेमारी करणारे आणि शेतकरी यांनीं आपल्या घराला एखादी खोली जोडली. रात्रीं भीमेच्या माशांचें कालवण आणि भाकरी, पहाटे होडी. होडी वल्हविणारा मनुष्यच वाटाड्या असतो. शाळेंत न शिकलेलीं पक्ष्यांचीं नांवें त्याला तोंडपाठ असतात, आणि कोणता थवा किती अंतरावर बुजतो हें पुस्तकापेक्षां त्याला अधिक ठाऊक असतें.

येथें मला इटलींतल्या मातेरा नगराची आठवण होते. तेथील लोक शतकानुशतकें डोंगरांत खोदलेल्या गुहांत गुरांसह राहात. ही देशाला लाज आहे असें म्हणून १९५२ सालीं कायदा करून त्यांना तेथून हलविण्यांत आलें. गुहा ओस पडल्या. पुढें कित्येक वर्षांनीं त्याच गुहांत सुंदर निवासगृहें निघालीं, आणि २०१९ सालीं मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवलें. जेथें राहणें हा दारिद्र्याचा डाग होता, तेथें एक रात्र राहणें ही आतां श्रीमंतांची हौस आहे. प्रश्न एवढाच कीं, ज्यांना हलविलें त्यांच्या मुलाबाळांच्या वाट्याला यांतलें काय आलें?

उजनीच्या कांठीं हाच प्रश्न अधिक उघडपणें उभा आहे. ज्या पिढीनें आपली जमीन पाण्याखालीं जातांना पाहिली, तिचीं नातवंडें आज त्याच पाण्यावरून पाहुण्यांना फिरवीत आहेत. होडीखालीं कोणाचें तरी शेत आहे, कोणाची तरी विहीर आहे. असें असतां या पाण्यावर जें कांहीं नवें उत्पन्न निघेल, त्यावर पहिला हक्क या लोकांचा आहे, हें सांगावयास कायदेपंडित लागत नाहीं. उद्यां एखाद्या बड्या भांडवलवाल्यानें कांठाची जमीन घेऊन तेथें मोठें हॉटेल बांधलें आणि या होडीवाल्यांना त्याच्या दाराशीं पगारी नोकर केलें, तर पाहुण्याला अधिक मऊ गादी मिळेल. परंतु या मुक्कामाचें जें मर्म आहे तें गादीबरोबरच गुंडाळलें जाईल.

दुसरा धोका पाण्याचाच. दक्षिण अमेरिकेंत बोलिव्हिया देशांत उयूनीचें अफाट मिठागर आहे. तेथें १९९३ ते १९९५ च्या सुमारास, मिठाच्या त्या मैदानाच्या मध्यभागीं, मिठाच्याच विटांचें एक निवासगृह बांधलें. भिंती मिठाच्या, मेज मिठाचें, पलंग मिठाचा. जगभरचे लोक तें पाहावयास आले. परंतु आलेल्या लोकांचें सांडपाणी आणि मैला टाकावयाचा कोठें, याचा विचार नीट झालेला नव्हता. त्या निर्मळ शुभ्र भूमीवर घाण सांचली आणि २००२ सालीं तें नवल मोडून टाकावें लागलें. पुढें २००७ च्या सुमारास तें पुन्हा बांधलें तें मिठागराच्या कडेला. सौंदर्याच्या अगदीं मध्यभागीं जाऊन बसण्याचा हट्ट धरला म्हणजे सौंदर्य उठून जातें. उजनीच्या कांठावर प्रत्येक नवी खोली बांधतांना तिचें सांडपाणी कोठें जाणार, हें आधीं ठरलें पाहिजे. रोहित पक्ष्याला करार बांधून ठेवीत नाहीं. चिखल बिघडला तर तो दुसरीकडे जाईल, आणि मग होडी कांठाला लागलेली राहील.

आपणांपैकीं कोणास या जागा पाहाव्याशा वाटल्या तर दोन शब्द व्यवहाराचे सांगतों. बारामती आणि भिगवण हीं दोन्हीं गांवें पुण्यापासून सुमारें १०० किलोमीटरांवर आहेत. भिगवण पुणें-सोलापूर लोहमार्गावर आणि राजमार्गावर आहे. बारामतीस दौंडहून आगगाडीचा फांटा जातो. शेतावरच्या मुक्कामास पौष-माघ उत्तम, कारण तेव्हां हुरडा असतो. पक्ष्यांसाठीं डिसेंबरपासून मार्चपर्यंत जावें. मात्र धरणांत पाणी फार चढलेलें असेल तर रोहित उशिरा उतरतात, म्हणून आधीं तेथील होडीवाल्याला विचारून निघावें. वारीला मुहूर्त विचारावा लागत नाहीं. तो पंचांगांतच आहे.

आणि शेवटीं पाहुण्यानें कसें वागावें, हें. पैसे दिले म्हणजे पाहुण्याचीं कर्तव्यें संपलीं असें नाहीं. छायाचित्र चांगलें यावें म्हणून होडी थव्यांत घालून पक्षी उडवावयास सांगूं नये. त्या एका उड्डाणांत त्यांची सकाळची कमाई जाते. शेतावर गेल्यावर मध्यरात्रीं ध्वनिक्षेपक लावून नाचूं नये. यजमानाला पहाटे धारा काढावयाच्या असतात. भाकरीला भाव करूं नये. आणि परततांना ताईंना, मावशींना, होडीवाल्या दादांना नांव घेऊन निरोप द्यावा. कारण ज्या मुक्कामावरील यजमानाचें नांव आपल्याला ठाऊक नाहीं, तेथें आपण राहिलों असें म्हणतां येत नाहीं, केवळ निजलों असें म्हणावें.

बर्फाचा पलंग, समुद्रतळाची खिडकी, मिठाची भिंत हीं पाहण्यासारखीं आहेत, आणि ज्याला शक्य आहे त्यानें तीं अवश्य पाहावीं. परंतु ज्याची पुंजी लहान आहे त्यानें हळहळण्याचें कारण नाहीं. माळावर एका रात्रीपुरतें वसलेलें नगर, जिराईत शेतांतली हुरड्याची आगटी आणि बुडालेल्या गांवावरून पहाटे निघालेली होडी, हीं तीन नवलें त्याच्या अंगणांत आहेत. तीं तशींच राहावयाचीं असतील तर यजमानानें पैशाला चाकर ठेवावें, आणि पाहुण्यानें आपण पाहुणे आहों हें विसरूं नये.